गॉलचा मैत्रीपूर्ण सामना: हौशी क्लबांसाठीच्या श्रीलंका दौऱ्याचे परीक्षण

हौशी क्रिकेट क्लबांना परदेश दौरा आखून देणाऱ्या सहल कंपन्या आता पुण्या-मुंबईतही उभ्या राहिल्या आहेत. त्यांपैकी एका कंपनीमार्फत आमचा क्लब, म्हणजे शनिवार-रविवारी सकाळी खेळणारी आणि बहुतांशी चाळिशी ओलांडलेली मंडळी, फेब्रुवारीत श्रीलंकेला जाऊन आली. विमान, हॉटेल आणि बस यांची सोय कोणतीही सहल कंपनी करून देते. क्रिकेट दौऱ्यासाठी आपण जे जास्तीचे पैसे मोजतो ते सामन्यांसाठी, म्हणून हे परीक्षण मुख्यतः गॉलच्या सामन्यापुरते ठेवले आहे. प्रवासाची बाजू चोख होती, सामन्याची तयारी मात्र अर्धवट होती, आणि तरीही सामना रंगला तो यजमान क्लबच्या समजूतदारपणामुळे, असे माझे मत आहे.

कंपनीच्या माहितीपत्रकावर गॉलच्या आंतरराष्ट्रीय स्टेडियमचे मोठे छायाचित्र आहे. आतल्या पानावर मात्र ‘गॉल परिसरातील टर्फ मैदान’ एवढेच शब्द आहेत, आणि आमचा सामना खरोखरच शहराबाहेरच्या एका क्लबच्या साध्या मैदानावर झाला. याला खोटेपणा म्हणता येणार नाही, पण छायाचित्र पाहून पैसे भरणाऱ्या माणसाच्या मनात काय येईल याची कंपनीला पूर्ण कल्पना असणार. करार करताना मैदानाचे नाव लेखी मागून घ्यावे, हे इतर क्लबांना माझे पहिले सांगणे आहे.

ते स्टेडियम आम्ही आदल्या दिवशी किल्ल्याच्या तटावरून पाहिले, आणि दौऱ्यातील हा भाग पैशांच्या पलीकडचा ठरला. पोर्तुगिजांनी सुरू केलेला आणि डच लोकांनी सतराव्या शतकात भक्कम केलेला हा किल्ला १९८८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, आणि त्याच्या तटावर उभे राहिले की खाली खेळपट्टी आणि दोन्ही अंगांना समुद्र दिसतो. इथे पहिली कसोटी १९९८ साली झाली. २००४ च्या डिसेंबरातील त्सुनामीत मैदान उद्ध्वस्त झाले आणि २००७ च्या डिसेंबरात इंग्लंडविरुद्धच्या कसोटीने ते पुन्हा सुरू झाले. कंपनीने दिलेल्या वाटाड्याने डच राजवटीची माहिती उत्तम सांगितली, परंतु क्रिकेट क्लबला घेऊन आलेल्या माणसाने मुरलीधरनचा ८०० वा बळी याच मैदानावर, २०१० साली भारताविरुद्ध पडला, याचा उल्लेखही करू नये याचे आश्चर्य वाटले. उणीव आमच्याच सदस्यांनी भरून काढली. २००८ मधील सेहवागचे नाबाद द्विशतक निघाले, आणि मग अर्थातच २०१५ च्या कसोटीतील अजिंक्य रहाणेचे आठ झेल निघाले. यष्टिरक्षक नसलेल्या खेळाडूने एका कसोटीत इतके झेल तोवर घेतले नव्हते. तो सामना भारत ६३ धावांनी हरला, ही गोष्ट मुंबईकर सदस्यांनी सोयीस्करपणे गाळली.

आता प्रत्यक्ष सामन्याकडे वळतो. पस्तीस षटकांचा सामना, लाल चेंडू आणि पांढरे कपडे, हे आधीच पत्रव्यवहाराने ठरले होते आणि त्याप्रमाणेच झाले. दोन्ही पंच अनुभवी होते व वेळेआधी हजर होते. चेंडू कुकाबुरा बनावटीचा असेल हेही कंपनीने कळवले होते, आणि ही बारीकशी सूचना आमच्या फार उपयोगी पडली. आपल्याकडच्या एसजी चेंडूची हाताने घातलेली शिवण बराच वेळ उठून राहते, तर कुकाबुराची शिवण लवकर दबते. त्यामुळे आमच्या मध्यमगती गोलंदाजांनी निघण्यापूर्वी मुद्दाम तो चेंडू मिळवून सराव केला होता.

खरी अडचण प्रतिस्पर्ध्यांच्या निवडीत होती. ‘आपल्या दर्जाचा संघ’ असे आश्वासन असताना समोर आलेल्या संघात निम्मे खेळाडू आमच्या वयाचे आणि उरलेले विशीतले होते. त्यांपैकी एका डावखुऱ्या वेगवान गोलंदाजाचा पहिलाच चेंडू आमच्या सलामीवीराच्या कानाजवळून गेला. पुढच्याच षटकात यजमान कर्णधाराने कोणाच्याही सांगण्यावाचून त्याला काढले आणि आपल्या वयाच्या ऑफस्पिनरला आणले. ऑफस्पिनरने आमची अवस्था काही फारशी सुधारली नाही, पण निदान हेल्मेटची आठवण कोणाला झाली नाही. या सौजन्याचे श्रेय कंपनीला देता येत नाही. खेळाडूंचा वयोगट, अर्धशतकानंतर फलंदाजाने निवृत्त व्हावे की नाही, एका गोलंदाजाला किती षटके द्यावीत आणि तेरा-चौदा जण आले असतील तर सगळ्यांना कसे खेळवावे, हे सारे मैत्रीपूर्ण सामन्याचे प्राण आहेत, आणि ते नाणेफेकीच्या वेळी दोन कर्णधारांनी उभ्या-उभ्या ठरवावे लागले.

साहित्याच्या बाबतीतही असेच झाले. बॅट विमानाच्या केबिनमध्ये सोबत नेता येत नाही आणि पूर्ण किट बॅग सामानाच्या वजनात बसवताना नाकी नऊ येतात, म्हणून पॅड आणि हेल्मेट तिथेच देण्याची सोय आम्ही जादा शुल्क भरून घेतली होती. मिळालेले पॅड शाळकरी मुलांच्या मापाचे होते. यजमानांनी स्वतःचे पॅड दिले नसते तर आमच्या उंच फलंदाजांनी गुडघे उघडे ठेवून खेळले असते.

हवामानाची पूर्वसूचना आणखी ठळकपणे द्यायला हवी. फेब्रुवारी हा श्रीलंकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर कोरडा काळ, म्हणून महिना योग्यच निवडला होता. पण पुण्यातील फेब्रुवारीची कोरडी सकाळ आणि गॉलचा दमट उकाडा यांत फार अंतर आहे. दर दहा षटकांनी पाणी ठरले होते, ते आम्ही पाच-सहा षटकांवर आणले, तरी दोघांच्या पोटऱ्यांत गोळे आलेच. रत्नागिरीचे सदस्य मात्र घरच्या अंगणात असल्यासारखे हिंडत होते. पाण्याच्या वेळी बर्फाऐवजी थंबिली, म्हणजे तिथली केशरी शहाळी, दिली, ही व्यवस्था करणाऱ्याचे मनापासून कौतुक करावेसे वाटते.

जेवण हा या सेवेतील सर्वांत चांगला भाग म्हणावा लागेल. आमच्यात शाकाहारी बरेच होते आणि कंपनीने हे यजमानांना नीट कळवले होते. भात, परिप्पू नावाची नारळाच्या दुधातली मसूर डाळ, फरसबी आणि पापड असे साधे पण पोटभर जेवण वेगळ्या टेबलावर मांडले होते. खोबऱ्याच्या पोल सांबोलमध्ये बहुधा सुकवलेल्या मालदीव माशाचा चुरा असतो, म्हणून शाकाहारी टेबलावर तो न घालता वेगळा केलेला सांबोल ठेवला होता. असे तपशील ठाऊक असलेला माणूस कंपनीकडे आहे, ही मोठी जमेची बाजू.

सामना आम्ही हरलो, पण धावसंख्येतील फरक लाजिरवाणा नव्हता. कंपनीच्या सेवेला मी प्रवास, जेवण आणि पंच यांसाठी पूर्ण गुण देईन. प्रतिस्पर्ध्यांची निवड आणि साहित्य यांसाठी निम्म्याहून कमी. दौरा ठरवणाऱ्या क्लबांनी आणखी तीन गोष्टी तपासाव्यात. प्रवासविम्यात लेदर बॉल क्रिकेटमधील दुखापत धरली आहे का, ते पॉलिसीत वाचून पाहावे. सामन्यानंतर यजमानांसोबत बिअर घेण्याचा बेत असेल तर तारखा पौर्णिमा टाळून घ्याव्यात, कारण पोया म्हणजे पौर्णिमेच्या सुट्टीला श्रीलंकेत मद्यविक्री बंद असते. आणि पावसाने सामना बुडाला तर मैदानाचे शुल्क परत मिळते की नाही, हे आगाऊ रक्कम भरण्यापूर्वीच विचारावे. आमच्या करारात ते परत मिळणार नव्हते, आणि ही अट शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत होती.