बेरीज कमीत कमी किती: चिठ्ठ्या मांडाव्या की गुणाकार धरावा?

दोन आकडे निवडा, पुसा, दोन्ही जागी त्यांची बेरीज लिहा; ठरावीक चालींनंतर सगळ्या आकड्यांची एकूण बेरीज कमीत कमी किती? यवतमाळकडच्या खेड्यात गणित ऑलिम्पियाडला (शाळकरी पोरांच्या गणित स्पर्धेला) पोट्टे बसवणाऱ्या माझ्यासारख्यांपुढे अशा गणितासाठी दोन वाटा असतात. चिठ्ठ्या मांडून खेळायचं, नाहीतर चालीगणिक एकाच दिशेनं सरकणारी राशी शोधायची.

२०१४ च्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडच्या शॉर्टलिस्टमधल्या (स्पर्धेसाठी निवडून ठेवलेल्या गणितांच्या यादीतल्या) गणिताचं हे लहान रूप घ्या: चार चिठ्ठ्या, सगळ्यांवर १, चाली चार. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापल्या की सामान तयार. दर वेळी सगळ्यात लहान दोन उचलायच्या. २, २, १, १; मग चारही २; मग ४, ४, २, २; शेवटी चारही ४. बेरीज १६. सातवीतलं पोरगंही यात रमतं.

मला नडलं ते यापुढचं. मागच्या बाकावरून हमखास येतं, "सर, याच्याहून कमी येत असन तं?" एका चालीला जोड्या ६, चार चालींचे मार्ग १२९६. तितके कोण खेळणार? आणि चिठ्ठ्या आठ झाल्या की तो विचारच सोडा.

गुणाकार धरला की ही कटकट मिटते. अ आणि ब च्या जागी दोन्हीकडे अ+ब आलं, म्हणजे त्या दोघांचा गुणाकार (अ+ब)² झाला, आणि तो ४अब च्या खाली जातच नाही. जोडी कुठलीही उचला, सगळ्या चिठ्ठ्यांचा गुणाकार निदान चौपट होणार. चार चालींत निदान २५६. म्हणजे गुणोत्तर मध्य (चार आकड्यांच्या गुणाकाराचं चौथं मूळ) निदान ४; सरासरी त्याच्या खाली कधीच जात नाही, म्हणून तीही निदान ४, बेरीज निदान १६.

आता गुणाकारच का, हे पोरांना आधी सुचत नाही, हे खरं. पण खेळताना आकडे सारखे ठेवले की बेरीज कमी राहते हे दिसलेलं असतं, इशारा तोच.

आयओक्यूएमला, म्हणजे आपल्याकडच्या ऑलिम्पियाडच्या पहिल्या परीक्षेला, नुसतं उत्तर लागतं, ओएमआरवर गोल काळे केले की झालं. तिथं चिठ्ठ्या पुरतात असं म्हणायला हरकत नाही. त्यापुढच्या आरएमओ परीक्षेला सिद्धता लिहायची असेल, तर मी गुणाकारच शिकवीन.

फक्त जास्तीत जास्त बेरीज विचारली असेल तर तो कामाचा नाही. तिथं सगळ्यात मोठा आकडा एका चालीत फार तर दुप्पट होतो, एवढं धरायचं: बेरीज फार तर २, ४, ८, १६ नं वाढते, आणि ४ वरून ३४ वर थांबते.