ईस्टली की मिनियापोलिस?

सोमाली लोकांच्या शहरी जगण्यावर प्रबंध लिहिणाऱ्या एका मुलीला प्रश्न पडलाय: राहायचं कुठे, केनियातल्या नैरोबीच्या ईस्टलीत की अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या सीडर-रिव्हरसाइडला? दोन्ही सोमाली वस्त्याच.

खर्चात ईस्टली स्वस्त. पण केनियात संशोधनाचा सरकारी परवाना लागतो, त्याला वेळ धरा.

भाषा? मिनियापोलिसची तरुण पिढी इंग्रजीत मोकळी बोलते. ईस्टलीत सोमाली यायलाच हवी, थोडी स्वाहिलीही. वेलची-दालचिनीच्या गोड चहावर तासभर बसल्याशिवाय माणूस खुलत नाही.

खरा फरक आपलेपणाचा. ईस्टलीत केनियाचे नागरिक असलेले सोमाली आणि 1991 मध्ये सोमालियातलं सरकार कोसळल्यावर आलेले निर्वासित एकाच गल्लीत राहतात. गरिसा लॉज या तिथल्या लॉजिंगच्या खोल्यांची दुकानं झाली, तिथून मॉलची बाजारपेठ उभी राहिली. तरी 2014 मध्ये केनियाच्या पोलिसांनी केलेल्या धरपकडीत हजारोंना पकडलं, अनेकांना कसारानी स्टेडियममध्ये डांबलं. म्हणून तिथे टिपणांत खरी नावं लिहूच नका, हे मी कळकळीने सांगतो. मिनियापोलिसमध्ये मतपेटीची वाट खुली झाली. 2018 मध्ये सोमाली वंशाच्या इल्हान ओमर तिथूनच काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून आल्या. सोमालींवरचा संशय मात्र तिथेही पाठ सोडत नाही.

बाजार, कागदपत्रं, पोलीस हा विषय असेल तर ईस्टली. दुसरी पिढी, मतदान, मुलांची भाषा असेल तर मिनियापोलिस.