बाळाचा एक्झिमा (इसब): प्रतिजैविक मलम की स्टिरॉइड मलम?
दीड वर्षाच्या नातवाच्या कोपराच्या खोबणीतले चट्टे ओलसर दिसू लागल्यापासून धाकटी बहीण विचारते आहे, “ताई, स्टिरॉइड नको, नुसतं जंतू मारणारं मलम चालेल का?”

अशा चट्ट्यांवर स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू बहुधा असतोच. मात्र प्रतिजैविकाने तो घटला, तरी त्वचा कोरडी व सुजलेली राहिल्यास तो लवकरच परततो. उलट सौम्य स्टिरॉइडने दाह शमला, की त्याची संख्या आपसूक कमी होते. ब्रिटनमधील ‘क्रीम’ चाचणीत (२०१७) सौम्य संसर्गाची लक्षणे असलेल्या ११३ मुलांना स्टिरॉइड व मॉइश्चरायझर दिलेच होते. त्यावर प्रतिजैविकाची भर घालून उल्लेखनीय फायदा झाला नाही.

प्रतिजैविक वारंवार लावल्यास जिवाणू त्याला दाद देईनासे होतात. स्टिरॉइडने त्वचा पातळ होते ती मुख्यतः तीव्र औषध दीर्घकाळ वापरल्यास; शिवाय ते लागतेही थोडेच: मोठ्या माणसाच्या बोटाच्या शेवटच्या पेरावरचे अर्धा ग्रॅम मलम त्याच्याच बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेस पुरते. (दोन्ही एकत्र असलेली, दुकानात मागताच मिळणारी ट्यूब मी तरी घरात येऊ देणार नाही.)

नुसती लाली आणि खाज असल्यास डॉक्टरांनी सांगितलेले सौम्य स्टिरॉइड व भरपूर मॉइश्चरायझर योग्य. एखाद्याच जागी पिवळी खपली किंवा पू असल्यास त्याच्या जोडीला थोडे दिवस प्रतिजैविक मलम, तेही डॉक्टरांनी सांगितल्यास. ताप किंवा पाण्याने भरलेले, एकाच आकाराचे फोड दिसल्यास त्याच दिवशी दवाखाना.