निफाडची थंडी, दिवाळीचे फटाके आणि मैनासाठी मिळालेलं घरगुती बोर्डिंग

सुट्टीत गावाला जायचं ठरलं की कुत्रं असलेल्या घरात तिकिटांच्या आधी एक प्रश्न येतो: याला ठेवायचं कुठे? आमची मैना दहा वर्षांची देशी कुत्री. अंगावर आखूड केस, मागच्या पायांत संधिवात सुरू झालेला आणि फटाका वाजला की पलंगाखाली शिरून कापत बसणारी. माझं सासर नागपूरचं. रेल्वेने तिला न्यायचं तर फर्स्ट एसीचा कूपे पूर्ण घ्यावा लागतो, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत ठेवावं लागतं. पहिलं परवडत नाही आणि दुसरं मी करणार नाही. त्यामुळे बोर्डिंगला, म्हणजे पैसे देऊन कुत्रं सांभाळायला ठेवण्याला, पर्याय नाही.

यंदा दिवाळीत आणि पुन्हा डिसेंबरच्या शेवटी मैना नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात एका मळ्यातल्या घरगुती बोर्डिंगमध्ये राहिली. काका जिल्हा परिषदेतून पशुधन पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालेले, काकू घर आणि कुत्री दोन्ही सांभाळतात. नाव-नंबर कुठे लिहू नका, असं काकूंनी बजावलंय. एका वेळी सहाच कुत्री घेतात आणि दिवाळीची यादी गणपतीतच भरते. मग हा रिव्ह्यू कशासाठी? तर सणासुदीला कुत्रं कुठे ठेवावं आणि तिथे काय बघावं, हे या जागेइतकं स्पष्ट मला दुसरीकडे कुठेच दिसलं नव्हतं.

आधी शहरातल्या एका चकचकीत ठिकाणाबद्दल सांगते. काचेच्या खोल्या, एसी, मोबाईलवर चोवीस तास कॅमेरा. त्या कॅमेऱ्यातच मला लक्ष्मीपूजनाच्या रात्री दिसलं की मैना कोपऱ्यात तोंड खुपसून उभी आहे आणि आख्ख्या दालनात एकही माणूस नाही. फोन वाजत राहिला, उचलला कुणीच नाही. घरी आली तेव्हा तिचा आवाज बसलेला होता आणि दार खरवडून पुढच्या पंजाची दोन नखं तुटली होती. त्या दिवसापासून माझा पहिला प्रश्न ठरलाय: रात्री कुत्र्यांजवळ कोण झोपतं?

निफाडच्या काकूंना फोन केला तेव्हा हा प्रश्न विचारायची वेळच आली नाही. त्यांनीच मला विचारायला सुरुवात केली. "ताई, भिंत चढती का? गेट उघडं दिसलं तर पळती का? दुसऱ्या कुत्र्याच्या ताटात तोंड घालती का? फटाक्याला घाबरून लपती, का पळत सुटती?" हा शेवटचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटला. लपणारं कुत्रं आणि पळणारं कुत्रं यांची सोय वेगळी करावी लागते. घाबरून पळालेलं कुत्रं एरवी कधीही न ओलांडलेली भिंत ओलांडतं, आणि दिवाळीत हरवलेल्या कुत्र्यांच्या बहुतेक जाहिराती अशाच सुटलेल्या कुत्र्यांच्या असतात. त्यांच्याकडे एकामागे एक अशी दोन गेटं आहेत. पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही. आणि गळपट्ट्यावर मालकाचा आणि काकांचा असे दोन नंबर असलेला बिल्ला घातल्याशिवाय कुत्रं आत घेत नाहीत.

लसीचं कार्ड बघतातच. रेबीज आणि नेहमीची एकत्रित लस तर हवीच, शिवाय केनेल कफची, म्हणजे कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची, लस किमान दोन आठवडे आधी दिलेली हवी. तारीख जवळची असेल तर सरळ नाही म्हणतात. आमच्यासमोरच एका गृहस्थांना लॅब्राडॉर घेऊन परत जावं लागलं. ते चिडले, पण काकूंचं बरोबर होतं. हा खोकला एकाला झाला की शेजारच्याला लागतोच, आणि थंडीत दारं-खिडक्या बंद करून कुत्री एकत्र झोपली की पसरायला वेळ लागत नाही. दिवाळीआधी अर्धा दिवस मैनाला नुसतं ओळखीसाठी ठेवून घेतलं, त्याचे पैसे घेतले नाहीत.

ही जागा नेमकी अशा तालुक्यात आहे, जिथली दोन मोठी पिकं कुत्र्याला घातक आहेत. लासलगावचा कांदा याच तालुक्यातला आणि चहूबाजूंनी द्राक्षबागा. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, कच्चा असो की शिजवलेला. लक्षणं दिसायला काही दिवस जातात, त्यामुळे कालच्या भाजीमुळे हे झालं असं कुणाच्या ध्यानातही येत नाही. द्राक्षं आणि बेदाणे थेट मूत्रपिंडावर घाव घालतात. हे असं का होतं याचा उलगडा बरीच वर्षं होत नव्हता; २०२१ साली एएसपीसीए या अमेरिकी संस्थेच्या विषबाधा केंद्रातल्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. ते आम्ल चिंचेतही असतं. म्हणजे आपल्या आमटीतली चिंचसुद्धा कुत्र्याच्या ताटात नको. काकांना हे सगळं ठाऊक आहे. कुत्र्यांचं अंगण आणि शेजारची बाग यांच्यामध्ये जमिनीत रोवलेली जाळी आहे, कारण कुत्रं खालून उकरतं. बागेत फवारणी असेल त्या दिवशी शेजारी आधी हाक मारून सांगतो आणि कुत्री आत जातात. कांद्याची चाळ घराच्या पलीकडच्या अंगाला, तिकडे कुत्र्यांना वाटच नाही.

दिवाळीत माणसं प्रेमाने कुत्र्यासोबत फराळाचा डबा देतात. मी मैनाला सोडायला गेले तेव्हा एक ताई त्यांच्या पॉमेरेनियनसाठी स्टीलच्या डब्यात बेसनाचे लाडू आणि चिवडा घेऊन आल्या होत्या. काकूंनी डबा उघडला, लाडवातला एक बेदाणा बोटाने उकरून त्यांच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाल्या, "हा एवढासा, आन् तुमचं पिल्लू बी एवढंसं." डबा परत गेला. त्याच टेबलावर आणखी काय काय परत गेलं होतं ते काकूंनी सांगितलं: चॉकलेटं, शुगर-फ्रीची बिस्किटं, आणि एका घरून कुत्र्याच्या संधिवातासाठी दिलेल्या आयबुप्रोफेनच्या, म्हणजे माणसांच्या वेदनाशामक गोळ्या. त्या गोळ्यांचं ऐकून मी हादरले. थंडीत सांधे आखडलेलं म्हातारं कुत्रं बघवत नाही हे मला पुरेपूर कळतं, पण या गोळीने कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंडं जातात. कुत्र्यांसाठीची वेदनाशामकं वेगळी असतात आणि ती डॉक्टरांनी वजन बघून द्यायची असतात.

आता लक्ष्मीपूजनाची रात्र. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिवाळीत रात्री ८ ते १० एवढीच वेळ फटाक्यांना दिली होती, पण गावात काय किंवा नाशकात काय, अंधार पडला की सुरू होतं हे आपण सगळे बघतो. त्यामुळे काका घड्याळ धरून बसत नाहीत. दुपारी उन्हातच फिरवून आणतात, पाचच्या आत जेवण, सूर्य मावळायच्या आत सगळी कुत्री मधल्या खोलीत. या खोलीला बाहेरची भिंतच नाही, चारी बाजूंनी दुसऱ्या खोल्या. खिडकी नाही म्हणून लखलखाट आत येत नाही. मोठा पेडेस्टल फॅन भिंतीकडे तोंड करून चालू ठेवतात, त्याच्या घरघरीत बाहेरचा आवाज बराच विरतो. आणि काका स्वतः सतरंजी टाकून तिथेच झोपतात.

मैनाला आमच्या डॉक्टरांनी भीती कमी करण्यासाठी गॅबापेंटिन लिहून दिलं होतं. काकांनी चिठ्ठी मागितली, मात्रा आणि वेळ भिंतीवरच्या पाटीवर खडूने लिहिली, आणि फटाके सुरू व्हायच्या दोन तास आधी गोळी दिली. भीती चढल्यावर दिलेली गोळी नीट लागू पडत नाही, हे त्यांना सांगावं लागलं नाही. चिठ्ठीशिवाय आणलेलं गुंगीचं औषध ते देत नाहीत. काही औषधांनी कुत्र्याचं अंग तेवढं ढिलं पडतं, आतली भीती तशीच राहते. मालकाला वाटतं शांत झोपलंय. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं की ते आणखी भित्रं होतं, असं अजूनही पुष्कळ लोक सांगतात. ते खरं नाही. भीती ही काही शिकवलेली सवय नाही, जवळ घेतल्याने ती वाढत नाही. रात्री काकूंनी पाठवलेल्या व्हिडिओत मैना काकांच्या मांडीवर हनुवटी टेकून धापा टाकत होती. धापा होत्याच, पण ती उभी नव्हती, दार खरवडत नव्हती. माझा जीव भांड्यात पडला.

नरकचतुर्दशीची पहाट बहुतेक बोर्डिंगवाले विसरतात. अभ्यंगस्नानाचे फटाके चार-साडेचारला वाजायला लागतात आणि नेमकं तेव्हाच एखादा मुलगा कुत्र्यांना बाहेर काढतो. इथे त्या दिवशी आठपर्यंत अंगणाचं दार उघडत नाहीत. तुळशीच्या लग्नालाही असाच बंदोबस्त असतो, आणि मग लग्नसराई सुरू होते, वराती रस्त्यावरून जातात, त्यांचं वेळापत्रक मात्र काकूंना गावातून आधी कळतं.

डिसेंबरमधला मुक्काम वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचा. निफाडचा पारा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पाच-सहा अंशांपर्यंत उतरल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. कडाका वाढला की बागाईतदार मणी तडकू नयेत म्हणून रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. अशा ठिकाणी संधिवाताची म्हातारी कुत्री ठेवायची म्हणजे माझ्या पोटात गोळा आला होता. पण व्यवस्था बघून मी निर्धास्त झाले. प्रत्येक कुत्र्याला नवारीची बुटकी बाज, कारण थंडी अंगात शिरते ती फरशीतून. बाजेवर आधी गोणपाट, त्यावर दुहेरी घडी घातलेली काकूंनी जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी. वाऱ्याच्या बाजूला गोणपाटाचा पडदा. हीटर नाही, कारण वायर कुत्री चावतात आणि कोरड्या गरम हवेने कातडी सुकते, असं काकांचं म्हणणं. नऊ वर्षांवरची कुत्री रात्री थेट घरात. पाणी सकाळी कोमट करून ठेवतात, नाहीतर थंड पाण्याला म्हातारी कुत्री तोंडच लावत नाहीत आणि दिवसभर कमी पाणी पितात. ऊन वर आल्यावरच फिरायला नेतात. डिसेंबरमध्ये आंघोळ नाहीच, फक्त ओल्या फडक्याने पुसणं.

स्वेटरचा नियम मला इथेच पहिल्यांदा कळला. आम्ही मैनाला लोकरीचा स्वेटर दिला होता. काकू तो दिवसा कुत्री एकत्र खेळताना काढून ठेवायच्या, कारण खेळता खेळता एकाचा दात दुसऱ्याच्या विणीत अडकतो आणि दोघंही घाबरून ओढाताण करतात. रात्री घालायच्या, पण सकाळी काढून काखेत, मानेखाली बोटं फिरवून बघायच्या. लोकरीखाली गोचीड आरामात राहते. थंडीत गोचीड नसते हा समज चुकीचा आहे, आणि मैनाच्या मानेखालची एक त्यांनी काढलीही.

३१ डिसेंबरला मध्यरात्री पुन्हा तीच मधली खोली, तोच फॅन.

आता ज्या गोष्टी मला पटल्या नाहीत त्या. मोबाईलला रेंज फारच कमी. दिवसातून एकदा, संध्याकाळी व्हिडिओ येतो, आणि दिवाळीच्या दिवशी रात्री साडेदहापर्यंत काहीच आलं नाही. जिवाची घालमेल होते. व्हरांड्याची फरशी गुळगुळीत आहे, मैनाचे मागचे पाय तिच्यावर घसरत होते. मी बोलले तेव्हा काकूंनी लगेच गोणपाट अंथरलं, पण म्हातारी कुत्री घेणाऱ्यांनी हे आधीच करायला हवं. हायवे सोडल्यावरचा शेवटचा टप्पा कच्चा आहे, छोटी गाडी सांभाळून न्यावी लागते, आणि आणायला-सोडायला ते येत नाहीत. माजावर असलेली कुत्री आणि लसीकरण पूर्ण न झालेली पिल्लं घेत नाहीत, ते योग्यच आहे, पण फोनवर पहिल्याच वेळी सांगत नाहीत, त्यामुळे कुणाची फेरी फुकट जाऊ शकते.

दर दिवसाला ७०० रुपये, दिवाळीच्या आठवड्यात ९००. जेवण त्यातच: भात, उकडलेलं चिकन, भोपळा आणि हळद; मीठ नाही, हाडं नाहीत. तुमचं नेहमीचं खाणं दिलंत तर तेच देतात, पैसे तेवढेच. दिवाळीचे सगळे पैसे आधी द्यावे लागतात. रात्रभर माणूस शेजारी असतो हे बघता मला हा दर रास्त वाटतो.

न्यायचं असेल तर लसीचं कार्ड, डॉक्टरांची चिठ्ठी, घरातली न धुतलेली एक चादर आणि छातीवरून बांधायचा हार्नेस एवढं पुरे. साखळी नेऊ नका, ती ते वापरतच नाहीत. दिवाळीसाठी नागपंचमीच्या सुमारास विचारून ठेवा, नाताळसाठी कोजागरीच्या आत. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी मात्र मी दुसरी सोय बघणार आहे. हिवाळ्यात उबदार असलेल्या त्या मधल्या खोलीवर पत्रे आहेत आणि मे महिन्यात दुपारी तिथे भारनियमन असतं. मैनाला आणि तिच्यासारख्या वय झालेल्या कुत्र्यांना तो उकाडा सोसणार नाही, हे मी काकूंनाही सांगितलंय.