सही आमची, टाइल दुसऱ्याची

जत्रेत, प्रदर्शनात स्टॉल लावून हाताने रंगवलेल्या टाइल, प्लेट, नावाच्या पाट्या विकणाऱ्यांसाठी हे लिहितेय: मोठ्या ऑर्डरचं आमिष दाखवून आपल्या चित्रांच्या छापील नकला विकणाऱ्या एका गिऱ्हाइकाबद्दल. विकत घेणाऱ्यांनीही वाचलं तर बरं, कारण शेवटी रंग उडतो तो त्यांच्या भिंतीवरचा.

आम्ही सावंतवाडीचे. मी रंगवते, भट्टी, पॅकिंग आणि हिशेब नवरा बघतो. आमच्या गावात गंजिफा, म्हणजे खेळायचे पत्ते, हाताने रंगवण्याची जुनी परंपरा आहे. दशावतारी गंजिफाच्या एका संचात १२० गोल पत्ते असतात, प्रत्येक अवताराचे बारा. त्या वळणाचे मत्स्य, कूर्म, वराह मी सहा इंची टाइलवर काढते. पत्ता गोल आणि टाइल चौकोनी, त्यामुळे चार कोपऱ्यांत उरणाऱ्या जागेतली वेलबुट्टी माझी स्वतःची. कोरी पांढरी ग्लेझ केलेली टाइल दुकानातूनच येते. ती आम्ही बनवत नाही आणि बनवतो असं सांगतही नाही. आमचं काम तिच्यावरचं: आधी रेघ, मग रंगाचे थर, मग आठशे अंशांच्या आसपास भट्टी. भट्टी रात्रभर निवू द्यावी लागते. घाईने दार उघडलं की टण्‌ असा आवाज येतो आणि मग आत बघायचीही गरज राहत नाही. अधेमध्ये वीज गेली तर सगळं पुन्हा लावायचं. म्हणून आमची एक टाइल साडेसहाशेला जाते, आणि ‘एवढी महाग?’ हे ऐकायची सवय झालेली आहे.

आमचा हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी. पुण्यात भीमथडी, मुंबईत काळा घोडा, पणजीत लोकोत्सव, शिवाय जिथे तिथे भरणारी लहानमोठी प्रदर्शनं. अशाच एका ठिकाणी (नाव घेत नाही, त्या लोकांचा यात काही दोष नाही) हे गृहस्थ आले. पन्नाशीचे, कडक इस्त्रीचा लिननचा शर्ट, बोलणं मऊ. एकेक टाइल हातात घेऊन उजेडात तिरकी धरून बघितली. जाणकार माणूस असाच बघतो. ‘ताई, ही ओढ हल्ली कुणाच्या हातात राहिलेली नाही,’ म्हणाले. मत्स्य, वराह आणि नरसिंह अशा तीन टाइल घेतल्या, एक रुपयाची घासाघीस नाही, पैसे जागेवर यूपीआयने. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले ते कार्ड घेऊन. इंटिरिअरचं काम करतो, गोव्यात एका होमस्टेचं काम हातात आहे, न्याहारीच्या खोलीची अख्खी भिंत तुमच्या टाइलची करायची आहे.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते, कारण पुढे ज्यांच्याशी बोलले त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचा अनुभव असाच निघाला. हा माणूस पहिल्या भेटीत फुकट काही मागत नाही. उलट पैसे टाकतो, आणि भाव न करता टाकतो. दिवसभर ‘दोन घेतल्या तर कितीला देणार’ ऐकून पिकलेल्या कारागिराला असं गिऱ्हाईक देवासारखं वाटतं, आणि हे त्याला नीट ठाऊक असतं.

मग फोटो मागितले. वॉट्सॲपवरचे चालणार नाहीत, क्लायंटच्या प्रेझेंटेशनमध्ये मोठे दिसले पाहिजेत. टाइल सपाट ठेवून वरून काढा, सावली नको, चकाकी नको, चारही कडा सरळ हव्यात, मूळ फाइल ड्राइव्हवर टाका. आणि दहाही अवतारांचे पाठवा म्हणजे निवडायला बरं. नीट विचार केला तर भिंत कशी दिसेल हे दाखवायला असा फोटो लागतच नाही. त्याला टाइल भिंतीवर लावलेली, बाजूला खुर्ची-टेबल असलेली दाखवली तर जास्त कळतं. सपाट, सावलीविना, कडा सरळ असा फोटो एकाच कामाला लागतो: छपाईला.

पाठोपाठ लेटरहेडवर पर्चेस ऑर्डर आली, खाली जीएसटी नंबर, शिक्का, सही, सगळं रीतसर. दोनशे टाइल, घाऊक म्हणून पाचशेचा भाव, म्हणजे लाखाचं काम. ॲडव्हान्स पंधरा हजार, तोही लगेच खात्यात. कोऱ्या टाइल आणि रंग भरले, बाकीची कामं पुढे ढकलली. पहिला हप्ता ऐंशी टाइलचा गेला. पोचल्याचा फोन आला, वा वा झाली, आणि मग आठवडाभराने सूर बदलला. ‘ताई, शेड मॅच होत नाहीये. क्लायंट रिजेक्ट करतोय.’

हातकामात प्रत्येक टाइलचा निळा उन्नीस-बीस होणारच. तेच तर त्याचं मोल, आणि जत्रेत याच माणसाने त्याचं कौतुक केलं होतं. आता तोच दोष ठरला. बरं, माल परत पाठवा म्हटलं तर ‘पाठवतो, गाडी बघतो’. गाडी आलीच नाही. ऐंशी टाइलचे चाळीस हजार, त्यातून ॲडव्हान्स वजा जाता पंचवीस हजार येणं बाकी. उरलेल्या कामासाठी भरलेल्या कोऱ्या टाइल घरात पडून राहिल्या, त्या वेगळ्याच. फोन आधी ‘मीटिंगमध्ये आहे’, मग वाजायचा आणि कुणी घ्यायचं नाही, मग बंद.

पैसे बुडाले, धंद्यात होतं असं, म्हणून आम्ही गप्प बसलो असतो. पण खरी चोरी अजून कळायची होती. ती कळली वेंगुर्ल्याच्या एका बाईंच्या फोनमुळे. त्यांनी अंगणातल्या तुळशीवृंदावनाला आमच्या अवतारांच्या टाइल लावल्या होत्या आणि एका उन्हाळ्यात त्यांचा रंग विटून गेला. बाई चांगल्याच तापल्या होत्या. ‘हाताचं काम म्हणून पैसे मोजले, आणि हे असं?’ मी म्हटलं, मी तुम्हाला विकल्याच नाहीत. तर म्हणाल्या, खाली तुमची सही आहे. त्यांनी फोटो पाठवला. सही माझीच होती.

भट्टीत भाजलेला रंग उन्हाने जात नाही. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेत प्रवेशद्वाराजवळच्या भिंतींवर जॉर्ज कोलासो या पोर्तुगीज चित्रकाराच्या निळ्या टाइल आहेत. १९३५च्या आहेत आणि अजून तशाच निळ्या आहेत. एका उन्हाळ्यात उडतो तो सब्लिमेशनचा रंग. फोटो छापलेले कॉफीचे मग मिळतात ना वाढदिवसाला द्यायला, तेच तंत्र. टाइलवर एक प्लास्टिकसारखा थर असतो, कागदावर छापलेली शाई गरम प्रेसखाली दाबली की त्या थरात उतरते. भट्टीचा काही संबंध नाही. काम मिनिटांचं. खर्च मोजकाच.

पुढच्या हंगामात एका प्रदर्शनात तो माल प्रत्यक्ष बघायला मिळाला. आमच्या स्टॉलपासून दोन ओळी पलीकडे, पाटीवर मोठ्या अक्षरात ‘हॅन्डमेड टाइल्स’, एक टाइल एकशे ऐंशीला. नवरा म्हणाला, तू जा, माझं डोकं फिरेल. मी गिऱ्हाईक होऊन गेले. मत्स्य उचलला. शेपटीच्या वर, डावीकडे, केसाएवढी बारीक वाकडी रेघ. ही रेघ मी ओळखते. रंगवताना ब्रशचा एक केस सुटून ओल्या रंगात चिकटला होता. भट्टीत केस जळून गेला, पण त्याने ओढलेला निळा राहिला. तीच टाइल त्या गृहस्थांनी पहिल्या दिवशी घेतली होती. मी गठ्ठ्यातली दुसरी उचलली, तिच्यावर तीच रेघ. तिसरी, चौथी, खालची, सगळ्यांवर शेपटीच्या वर डावीकडे तोच केस. एका ब्रशचा एक केस एकाच जागी इतक्यांदा सुटतो, असा ब्रश मिळाला तर मला हवाच आहे.

स्टॉलवरचा पोरगा पगारी होता. विचारलं, हाताचं आहे का? ‘हो मॅडम, मशीनपण हातानेच चालवतो की!’ त्याच्यावर काय चिडायचं. माल कुठून येतो याचं उत्तर त्याच्याकडे ‘पार्टी पाठवते’ एवढंच होतं. आयोजकांनी सांगितलं, आम्ही जागा देतो, माल तपासत नाही. आमच्या शेजारी लाकडी खेळणी विकणारे काका सगळा तमाशा बघत होते. मी परत आल्यावर एवढंच म्हणाले, ‘गो बाय, आता तुझ्याच टाइली लोकांका म्हाग वाटतले.’ आणि झालंही तसंच. त्या दोन दिवसांत कितीतरी जण आमची टाइल हातात घेऊन म्हणाले, तिकडे हीच एकशे ऐंशीला आहे.

आता कायद्याचं. हे वकिलांकडून पैसे देऊन ऐकलेलं आहे, तुम्हाला फुकट. पोलीस चौकीत आधी ‘दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा’ असं सांगितलं. पैसे थकले त्यापुरतं ते चालून जाईल, पण चित्राची नक्कल हा कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली गुन्हा आहे, सहा महिने ते तीन वर्षं कैद, आणि तो दखलपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केलंय. हे लेखी अर्जात घातल्यावर अर्ज घेतला गेला. कॉपीराइट चित्र काढलं की आपोआप मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. मात्र आपण ते कधी काढलं याचा पुरावा लागतो. माझ्याकडे कच्ची रेखाटनं आणि भट्टीची वही होती, ती कामाला आली.

दोन गोष्टी मात्र बहुतेक कारागिरांना माहीतच नसतात. एक, कुणी पैसे देऊन मुद्दाम तुमच्याकडून नवं चित्र काढून घेतलं आणि लेखी काही ठरलेलं नसेल, तर कायद्याने त्या चित्राचा पहिला मालक तो गिऱ्हाईक ठरू शकतो. माझे अवतार ऑर्डरच्या आधीचे होते म्हणून वाचले. हल्ली आमच्या प्रत्येक बिलावर आणि कोटेशनवर एक ओळ छापलेली असते: नक्षीचे सर्व हक्क चित्रकाराकडे. दुसरी, डिझाइन म्हणून नोंदणी करायची असेल (एकट्या माणसाला अर्जाची फी हजार रुपये, मुदत दहा वर्षं, पुढे पाच वाढवता येतात) तर अर्ज माल लोकांसमोर येण्याआधी करावा लागतो. एकदा जत्रेत मांडलं, इन्स्टाग्रामवर टाकलं की ते कायद्याच्या लेखी नवं राहत नाही. म्हणजे आपण जिथे विकतो तिथेच हक्क घालवून बसतो. आमचे दहा अवतार त्यातून गेलेच, आता नव्या नक्षीचा अर्ज आधी आणि स्टॉल नंतर.

थकलेल्या पैशांसाठी उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) कामी येते. ती फुकट होते, कारागिरालाही होते. ती असेल तर देणाऱ्याला ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, आणि तक्रार सरकारी पोर्टलवर ऑनलाइन करता येते. अट एकच, नोंदणी माल देण्याच्या आधीची हवी. आमची नंतरची होती, म्हणून तो रस्ता बंद झाला. वकिलांची नोटीस ‘पत्त्यावर राहत नाहीत’ असा शेरा मारून परत आली. पर्चेस ऑर्डरवरच्या पत्त्यावर एक क्लास चालतो, त्यांना हे नावही माहीत नाही.

घेणाऱ्यांसाठी थोडं. एकाच चित्राच्या दोन टाइल मागून शेजारी ठेवा आणि चुका बघा. माझ्या दोन मत्स्यांचे खवलेही सारखे नसतात, छापलेल्यांच्या चुकासुद्धा तंतोतंत जुळतात. मोबाइलचा कॅमेरा झूम करून फिका रंग बघा, छपाई असेल तर बारीक ठिपके दिसतात. टाइल उजेडात तिरकी धरली आणि चित्राभोवती पातळ पापुद्र्याची कड दिसली तर तो ट्रान्सफर, म्हणजे टाइलवर चिकटवलेलं छापील चित्र. तो भाजलेला असतो, टिकतो, पण हाताचा नव्हे. सब्लिमेशनच्या टाइलची कड नाण्याने खरवडली की थर सुटतो. आमच्या स्टॉलवर आता एक जुनी टाइल आणि एक रुपयाचं नाणं ठेवलेलंच असतं, ज्याला शंका आहे त्याने खरवडावं. छापील टाइल वाईट असं माझं म्हणणं नाही, एकशे ऐंशीला छापील म्हणून विका ना, कोण अडवतंय.

वेंगुर्ल्याच्या बाईंना मी अवतार नव्याने करून दिले, रंगाच्या पैशांत. नवऱ्याला ते पटलेलं नाही. त्याचं म्हणणं, आपण विकलंच नव्हतं. मला वाटलं, सही माझी होती.

गेल्या महिन्यात कुडाळच्या एका मुलीला असंच गिऱ्हाईक भेटलं. ती मातीच्या प्लेटा करते. नाव वेगळं, होमस्टे या खेपेला तारकर्लीला, बाकी सगळं तेच: तीन नग, पैसे जागेवर, सपाट फोटो, मूळ फाइल, लेटरहेड. तिने मला फोन केला. मी म्हटलं, जीएसटीच्या साइटवर लॉगिन न करता नंबर तपासता येतो, तेवढं आधी कर. तिने नंबर टाकला तर नोंदणी दोन वर्षांपूर्वीच रद्द झालेली, आणि धंदा इंटिरिअरचा नाही, जाहिरात छपाईचा. तिने कळवलं, पूर्ण पैसे आधी द्या आणि जागा बघायला येते, फोटो तिथेच दाखवते. त्यानंतर त्याचा फोन नाही.