फुकटातलं ‘प्रो’ प्लगइन आणि न दिसणारा अ‍ॅडमिन

ब्लॉगला जरा वाचक मिळू लागले की टेलिग्राम ग्रुपवर नाहीतर एखाद्या व्हिडिओखाली एक गठ्ठा हमखास समोर येतो. एसईओ (गूगलमध्ये वर येण्यासाठी), कॅशे (साइट वेगवान करण्यासाठी), सिक्युरिटी अशी सगळी महागडी प्लगइन्स, म्हणजे वर्डप्रेस साइटला जोडायची छोटी सॉफ्टवेअर्स, ‘प्री-अ‍ॅक्टिव्हेटेड’, लायसन्स की न लागणारी. यांना ‘नल्ड’ म्हणतात. वाटणारा वर सांगतो की वर्डप्रेस हे साइट चालवणारं सॉफ्टवेअर जीपीएल या मुक्त परवान्यावर आहे, त्यामुळे हे कायदेशीरच. त्यात निम्मं तथ्य आहे, जीपीएल कोड वाटता येतो. पण त्या झिपमध्ये मधल्या माणसाने काय भरलंय, याची हमी जीपीएल देत नाही.

वर्डप्रेसमध्ये प्लगइनला मर्यादित हक्क अशी भानगडच नसते. अ‍ॅक्टिव्हेट केलं की ते डेटाबेस वाचतं, फाइली लिहितं, नवे युजर तयार करतं. त्यात सिक्युरिटी प्लगइनच नल्ड घेणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

2017 पासून फिरणारा डब्ल्यूपी-व्हीसीडी हा मालवेअर असाच पसरला. नल्ड थीममध्ये (थीम म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या फाइली) ‘क्लास डॉट थीम-मॉड्यूल्स’ नावाची पीएचपी फाइल असते. ती सगळ्या थीमच्या ‘फंक्शन्स’ फाइलमध्ये कोड घुसवते, वर्डप्रेसच्या मूळ फाइलींच्या ‘डब्ल्यूपी-इन्क्लूड्स’ फोल्डरमध्ये आपली प्रत टाकते आणि फाइलींच्या तारखा जुन्याच ठेवते, म्हणजे ‘अलीकडे काय बदललं’ या शोधात काही सापडत नाही. एकाच होस्टिंग खात्यावर दुसऱ्या साइट असतील तर त्याही गेल्या.

मालकाला पत्ता लागत नाही, कारण लॉगिन केलेल्याला साइट स्वच्छ दिसते आणि स्पॅम फक्त गूगलबॉटला, म्हणजे पानं वाचत फिरणाऱ्या गूगलच्या प्रोग्रॅमला, दाखवलं जातं. म्हणून गूगलवर ‘साइट’, कोलन आणि आपलं डोमेन टाकून बघा. जपानी मथळे किंवा औषधांची पानं आली तर साइट हॅक झाली असं समजा. सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनातल्या यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये लाइव्ह टेस्ट करून गूगलला मिळालेलं एचटीएमएल वाचा. तिथेच सेटिंग्जमध्ये मालकांची यादी तपासा, कारण घुसखोर स्वतःला मालक म्हणून जोडून घेतो. वर्डप्रेसमधल्या युजर्सच्या पानावर वर एकूण ‘3’ आणि खाली दोनच नावं दिसत असतील तर तिसरा लपवलेला आहे. आकडा जुळला तरी डेटाबेसमधलं युजर्सचं टेबल उघडून बघाच. ‘एमयू-प्लगइन्स’ (आपोआप चालू होणारी प्लगइन्स) हे फोल्डर तर बहुतेक जण उघडतच नाहीत. त्यातली प्लगइन्स नेहमीच्या यादीत येत नाहीत आणि तिथून बंदही होत नाहीत.

रँकिंग घसरलं की फसवणुकीचा दुसरा अंक सुरू होतो: बॅकलिंकचं, म्हणजे दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या विकतच्या लिंकांचं, पॅकेज. पुरावा म्हणून ‘डोमेन ऑथॉरिटी’ वाढल्याचा स्क्रीनशॉट. हा आकडा मॉझ या कंपनीचा, गूगल तो वापरत नाही आणि रीडायरेक्ट करून तो फुगवताही येतो. विकत घेतलेल्या लिंका गूगल बहुतेक वेळा मोजतच नाही. फार झाल्या तर मॅन्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे गूगलच्या माणसांनी केलेली कारवाई, येते. पैसे मात्र दोन्ही वेळी गेलेले असतात.

साफ करताना नुसतं प्लगइन डिलीट करून भागत नाही. आधी फाइली आणि डेटाबेसची प्रत बाजूला काढा. मग कोअर (वर्डप्रेसच्या मूळ फाइली), थीम, प्लगइन्स मूळ ठिकाणाहून नव्याने टाका. अपलोड्स फोल्डरमधली कुठलीही पीएचपी फाइल संशयितच धरा. अनोळखी अ‍ॅडमिन आणि क्रॉन कामं (ठरावीक वेळी आपोआप चालणारी) उडवा, सर्व्हरचे नियम असलेली ‘एचटीअ‍ॅक्सेस’ फाइल वाचा. होस्टिंग, एफटीपी, डेटाबेस आणि सगळ्या अ‍ॅडमिनचे पासवर्ड शेवटी बदला, आधी बदलले तर आत बसलेला कोड नवेही वाचतो. ‘कॉन्फिग’ फाइलमधल्या सॉल्ट की (लॉगिन सुरक्षित ठेवणाऱ्या गुप्त अक्षरमाळा) बदलल्या की जुनी लॉगिन सेशन्स तुटतात. जुना बॅकअप परत चढवायचा तर तो संसर्गाच्या आधीचा आहे याची खात्री करा. फक्त शेवटच्या आठवड्याचे बॅकअप ठेवणाऱ्यांची बहुधा इथेच पंचाईत होते.

एवढं झाल्यावरच सर्च कन्सोलमधून रिव्ह्यू मागा. हॅक झालेल्या स्पॅमच्या बाबतीत उत्तराला काही आठवडेही लागतात.