बनवाबनवी की जाने भी दो यारों: घरच्या टीव्हीवर कुठला विनोद कसा लावावा

मुंबईतल्या सिनेमावेड्यांमध्ये विनोदी चित्रपटांवरून दोन तट ठरलेले आहेत. एकाला ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) आणि ‘धुमधडाका’ (१९८५) यांच्यापलीकडे काही दिसत नाही. दुसऱ्याला हे दोन्ही आरडाओरड्याचे वाटतात, त्याची निष्ठा ‘जाने भी दो यारों’शी (१९८३). भांडायला हरकत नाही. पण बरेचदा ज्या प्रतीवरून मत झालेलं असतं तीच खराब असते: ताणलेलं चित्र, कापलेली चौकट, चिरका आवाज. गंभीर चित्रपट यातूनही तरून जातो, विनोदी जात नाही. म्हणून इथे चित्रपटाचं परीक्षण आणि तो लावायची रीत एकत्रच दिली आहे.

बनवाबनवीचं हसू शब्दांतून येतं. संवाद वसंत सबनीसांचे, म्हणजे ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहिणाऱ्यांचे. लोकनाट्यात सवाल पडला की जबाब हजर लागतो, तीच चाल इथे आहे. धनंजय माने थाप मारताना अशोक सराफ आवाज चढवत नाहीत, उलट समोरच्याची समजूत काढल्यासारखा खाली आणतात. आणि सुधीर जोशींचा घरमालक सरपोतदार ती थाप गिळताना जो क्षणभर थांबतो, तिथे खरा हशा आहे. गोष्ट हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’वरून (१९६६) घेतलेली असली, तरी मराठीत ती फार घट्ट बसली आहे. घर शोधणारे चौघे मित्र, पण लीलाबाई काळभोर फक्त जोडप्यांना जागा देणार, म्हणून त्यांच्यातल्या दोघांना बायका व्हावं लागतं. बायको झाली म्हणून दिवस जातात, दिवस गेले म्हणून डोहाळजेवण येतं. प्रत्येक खोटं पुढच्या मोठ्या खोट्याला भाग पाडतं, एकही प्रसंग वरून चिकटवलेला नाही. कथा पुण्याची, पण एकट्या मुलाला भाड्याने जागा मिळणं किती अवघड ते मुंबईत कुणाला समजवावं लागत नाही.

शब्दांचा चित्रपट, म्हणून आधी आवाज नीट करा. टीव्हीवरचा ‘सराउंड’ किंवा ‘हॉल’ पर्याय बंद ठेवा. जुन्या, मूळच्या मोनो (एकेरी) ध्वनीला तो नसता घुमारा आणतो आणि जोडाक्षरं विरघळतात. ‘क्लिअर व्हॉइस’सारखा पर्याय असेल तर तो चालू करा. सात-आठ जण बसणार असाल तर आवाज नेहमीपेक्षा थोडा वर हवा, कारण एका वाक्यावरच्या हशात पुढचं वाक्य बुडतं.

दुसरी गोष्ट वेगाची. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा (फ्रेम्सचा), पण आपल्याकडच्या जुन्या टीव्ही आणि डीव्हीडी पद्धतीत तो २५ने चालवला जाई. तशा प्रतीवरून पुढे नक्कल झाली असेल तर सगळं ४ टक्के वेगाने पळतं. दोन तासांचा चित्रपट पाचेक मिनिटं आधी संपतो आणि आवाज किंचित बारीक होतो. अशोक सराफांच्या ओळखीच्या आवाजात ते लगेच कळतं. संगणकावर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये वेग ०.९६ केला की चाल जागेवर येते, आवाजाची पट्टी मात्र तशीच राहू शकते.

‘धुमधडाका’ हा महेश कोठारे यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट. याचं हसू अंगातून आणि चेहऱ्यातून येतं, आणि आवडीनिवडी ताडून बघायला याच्याइतका उपयोगी चित्रपट नाही. कारण गोष्ट तीन भाषांत आहे: श्रीधर यांचा तमिळ ‘कादलिक्क नेरमिल्लै’ (१९६४), त्यांनीच हिंदीत केलेला ‘प्यार किये जा’ (१९६६) आणि हा. मुलगा बापाला भुताच्या चित्रपटाची गोष्ट सांगतो तो प्रसंग तिन्हींतून काढून पाठोपाठ लावा. तमिळमध्ये नागेश आणि बालय्या, हिंदीत मेहमूद आणि ओमप्रकाश, मराठीत लक्ष्मीकांत बेर्डे आणि शरद तळवलकर. तिन्ही वेळा सांगणाऱ्याकडे नाही, ऐकणाऱ्याकडे बघा. प्रसंग तोच पेलतो. तळवलकरांचे डोळे आणि आवंढा गिळणं आमच्या मते बालय्या आणि ओमप्रकाश या दोन दिग्गजांच्या बरोबरीचं आहे. बाकी चित्रपटात प्रेमी जोड्यांची गाणी लांबतात, ती पुढे सरकवली तरी विनोदाचं काही बिघडत नाही.

‘जाने भी दो यारों’ नावडणाऱ्यांची तक्रार एकच, की सुरुवातीला हसू येत नाही. तक्रार खरी आहे. पहिला अर्धा तास कुंदन शाह मांडामांड करतात: फोटो स्टुडिओ, ‘खबरदार’च्या संपादिका शोभा सेन, एकमेकांवर उठलेले दोन बिल्डर, विकला गेलेला आयुक्त. तेवढा धीर धरा. या चित्रपटाचा विनोद चौकटीच्या कडेला आणि मागच्या बाजूला घडतो, त्यामुळे इथे आवाजापेक्षा चित्राला जपावं लागतं. सतीश शहांनी रंगवलेलं आयुक्त डिमेलोचं प्रेत ज्या गंभीरपणे इकडून तिकडे नेलं जातं, ते डोकं-पाय कापलेल्या चौकटीत मेलंच म्हणून समजा. शेवटाकडे महाभारताच्या नाटकातला द्रौपदी वस्त्रहरणाचा गोंधळ येतो. तिथे रंगमंचावर एकाच वेळी चारपाच माणसं वेगवेगळं काही करत असतात, मोबाइलच्या पडद्यावर ते दिसणं शक्य नाही. शोभा सेन झालेल्या भक्ती बर्वे यांच्याकडे मात्र मराठी प्रेक्षकाने मुद्दाम लक्ष द्यावं. त्यांची गोड बोलून कापणारी संपादिका विनोदी भूमिकांच्या यादीत क्वचितच घेतली जाते, हे आम्हाला फार खटकतं.

चित्र बरोबर आहे की नाही हे ओळखायला गाडीचं चाक, घड्याळ किंवा ताट बघा. गोल वस्तू आडवी अंडाकृती दिसली तर चित्र ताणलंय. टीव्हीच्या मेन्यूत ‘पिक्चर साइज’मध्ये जाऊन ‘ओरिजिनल’ किंवा ४:३ निवडा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, त्या राहू द्या. पट्ट्या घालवायला ‘झूम’ लावलं की वरून-खालून कापलं जातं. प्रत मुळातच ताणून वा कापून चढवलेली असेल तर नीट होणार नाही, दुसरी शोधा. २०१२मध्ये ‘जाने भी दो यारों’ साफसूफ करून पुन्हा चित्रपटगृहांत आला होता, त्या आवृत्तीवरची प्रत मिळाली तर तीच घ्या. शिवाय ‘ट्रू मोशन’, ‘मोशनफ्लो’, ‘ऑटो मोशन प्लस’, जे नाव असेल ते बंद करा. टीव्ही मधल्या चौकटी स्वतः बनवून भरतो, त्याने धावपळ मालिकेसारखी गुळगुळीत होते आणि आपटण्या-पडण्यातला झटका जातो.

लहान मुलं असतील तर शेवट कडू आहे हे आधी सांगून ठेवा. निरपराध फोटोग्राफरच तुरुंगात जातात. पण शहरात पूल पडतो आणि दोषी सुटतात, हे हसत हसत इतक्या स्वच्छ सांगणारा दुसरा हिंदी चित्रपट आम्हाला सापडलेला नाही.

दोन्ही तट एका खोलीत बसणार असतील तर सुरुवात तिसऱ्यानेच करावी: उमेश कुलकर्णींचा ‘वळू’ (२००८). डुरक्या नावाचा मोकाट वळू, त्याला पकडायला आलेला वनाधिकारी आणि त्याआडून आपापले हिशेब चुकते करणारं गाव. यात बनवाबनवीवाल्यांना बोली मिळते आणि जाने भी दो वाल्यांना व्यवस्थेवरची तिरकी नजर. शांतपणे बघायचा आहे, त्यामुळे जेवण आधी उरकून घ्या. त्यानंतर बनवाबनवी लावा. जाने भी दो यारों दुसऱ्या दिवशी, सगळे ताजेतवाने असताना.